सीडीला स्वतःचं नाव ठाऊक नसतं

नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान ग्रामोफोनच्या भोंग्यासमोर गायल्या. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं संपलं की त्या लगेच इंग्रजीत आपलं नाव मोठ्यानं सांगत. आज ते ऐकताना नखरा वाटतो, पण त्यामागे अगदी व्यावहारिक गरज होती. मुद्रणाचे मूळ साचे बोटीनं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात आणि तिथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कारागिरांना ना भाषा कळे, ना आवाज ओळखू येई. लेबलावर भलतंच नाव पडू नये म्हणून गायिकेनं स्वतःची ओळख गाण्यातच नोंदवून ठेवायची.

ऐंशी वर्षांनी, ऑगस्ट १९८२ मध्ये, याच हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेनच्या कारखान्यात बाजारात जाणाऱ्या पहिल्या कॉम्पॅक्ट डिस्क छापल्या जाऊ लागल्या. स्वीडिश गट ॲबाचा ‘द व्हिजिटर्स’ हा अल्बम त्या पहिल्यावहिल्या सीडींपैकी एक. खरखर गेली, सुई गेली, आवाजाचे आकडे झाले. आणि या झेपेत एक गोष्ट मागे राहिली. तबकडीवर कुणाचं गाणं आहे, हे त्या आकड्यांमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं!

घरात एखादी जुनी सीडी असेल तर हातात घ्या. १२ सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल रेघ आहे, शेजारच्या दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन. ७४ मिनिटांच्या सीडीवरची ही रेघ उलगडून सरळ केली तर ती पाच किलोमीटरहून लांब भरेल. दर सेकंदाला डाव्या-उजव्या बाजूंचे प्रत्येकी ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. म्हणजे सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिट. वर ओरखड्यांची भरपाई करणारं गणित वेगळं. इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सोलोमन या दोघांनी ते १९६० मध्ये मांडलं होतं. त्याच्या जोरावर रेघेचा दोनेक मिलिमीटरचा तुकडा वाचता आला नाही तरी कानाला पत्ता लागत नाही.

एवढ्या अफाट आकड्यांच्या सुरुवातीला, चकतीच्या अगदी आतल्या वर्तुळात, एक छोटी अनुक्रमणिका असते. सीडी आत सरकवली की पडद्यावर ट्रॅकची संख्या उमटेपर्यंत दोन-चार क्षण जातात ना, तेव्हा लेझरचा किरण ही अनुक्रमणिका वाचत असतो. तिच्यात ट्रॅक किती (जास्तीत जास्त ९९), प्रत्येक ट्रॅक कोणत्या मिनिटाला, सेकंदाला आणि फ्रेमला सुरू होतो आणि शेवट कुठे होतो, एवढंच असतं. फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवलेल्या मानकात राग, गायक, अल्बम यांची नावं देण्याची सोयच नव्हती. ती कागदी वेष्टनावर छापलेली असत आणि वेष्टन हरवलं की सीडी अनामिक. नावं साठवणारं ‘सीडी-टेक्स्ट’ १९९६ मध्ये आलं. त्यात लॅटिन अक्षरांची आणि जपानीची सोय होती, देवनागरीची नव्हती. शिवाय तोवर कोट्यवधी सीडी नावाविना घरोघर पोचल्या होत्या.

दिवाणखान्यातल्या प्लेअरला याची फिकीर नव्हती. प्रश्न उभा राहिला तो सीडी संगणकात शिरल्यावर.

नव्वदीच्या दशकातल्या संगणकावर गाण्याची सीडी लावणं हा एक छोटा विधी होता. सीडी ड्राइव्ह जोडला, ड्रायव्हर टाकला, प्रोग्रॅम उघडला, बटण दाबलं. पडद्यावर मिनिटं-सेकंद धावू लागले आणि स्पीकर मात्र मुका! दोष बहुतेकदा एका बारीक वायरीचा असे. त्या काळी सीडीवरच्या आकड्यांचा आवाज करण्याचं काम ड्राइव्ह स्वतःच करायचा आणि तो आवाज एका चार पिनांच्या वायरीनं साउंड कार्डाकडे पाठवायचा. संगणकाचा प्रोसेसर फक्त ‘वाजव’, ‘थांब’, ‘पाचव्या ट्रॅकवर जा’ एवढे हुकूम सोडी. म्हणून जोडणी करणाऱ्यानं ती वायर लावली नसेल तर ड्राइव्हच्या तोंडाशी असलेल्या छिद्रात हेडफोन खुपसल्यावर गाणं ऐकू येई आणि स्पीकरमधून येत नसे. आवाज प्रोसेसरच्या हातातून जातच नसल्यामुळे सुमार ताकदीच्या संगणकावरही एकीकडे पत्र टाइप करत दुसरीकडे गाणं सुरळीत ऐकता येई. सगळी सीडी उतरवून घेणं मात्र परवडण्यासारखं नव्हतं. ७४ मिनिटांचं संगीत ७८० मेगाबाइटांच्या आसपास जातं, आणि तेव्हाच्या पुष्कळ संगणकांची सगळी हार्ड डिस्क मिळून एक-दोन गिगाबाइटांची असे.

विंडोज ९५ मध्ये सीडी वाजवणारा एक छोटा प्रोग्रॅम होता. त्यात अल्बमचं आणि गाण्यांची नावं आपण स्वतः टाइप करायची. पुढच्या वेळी तीच सीडी घातली की नावं आपोआप हजर! कुठून येत? विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘सीडीप्लेअर डॉट आयएनआय’ नावाची एक साधी मजकुराची फाइल असे, तिच्यात. संगणकानं सीडीची अनुक्रमणिका पाहिली, तिच्यातल्या वेळांवरून एक क्रमांक तयार केला आणि त्या क्रमांकाखाली तुमची नावं लिहून ठेवली. हार्ड डिस्क फॉरमॅट केली की ही मेहनत पुसली जाई.

याहून अधिक हवं असलेल्यांसाठी शेअरवेअर होतं. प्रोग्रॅम फुकट घ्या, वापरा, मित्रांना द्या. आवडला तर कर्त्याला पैसे पाठवा. ही पद्धत रूढ करणाऱ्यांपैकी एक अमेरिकेतले जिम नॉफ. चर्चच्या सभासदांच्या पत्त्यांची लेबलं छापण्यासाठी त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्यातूनच घडलेला ‘पीसी-फाइल’ त्यांनी १९८२ मध्ये वाटायला काढला आणि वापरणाऱ्यांकडे दहा डॉलर मागितले. म्हणजे शेअरवेअरच्या अगदी सुरुवातीलाच याद्या करणारा प्रोग्रॅम होता. पुढे संगीताच्या क्षेत्रात ही पद्धत बहरली. १९९७ मध्ये आलेला ‘विनॲम्प’ काही काळ दहा डॉलर मागे. ‘ऑडिओग्रॅबर’ची नोंदणी न केलेली प्रत सीडीवरचे निम्मेच ट्रॅक उतरवू देई, आणि ते कुठले हेही तीच ठरवी. जर्मनीतल्या आंद्रे विटहोफ यांचा ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ पैशांऐवजी एक चित्र-पोस्टकार्ड मागे. आपल्याकडे डॉलर पाठवणं ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती. हे प्रोग्रॅम पोचत ते ‘पीसीक्वेस्ट’, ‘चिप’ यांसारख्या मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींवरून.

या प्रोग्रॅमांच्या सेटिंगमध्ये एक चौकट असे: सर्व्हरचा पत्ता आणि तुमचा ई-मेल. ती भरली, मोडेमनं इंटरनेट जोडलं, सीडी आत सरकवली, की आपण एक अक्षरही न टाइप करता गाण्यांची यादी पडद्यावर उतरे. ज्या चकतीला स्वतःचं नाव ठाऊक नाही तिचं नाव त्या दूरच्या यंत्राला कसं कळलं?

गोष्ट १९९३ मध्ये सुरू होते. टी कान या प्रोग्रॅमरनं युनिक्स संगणकांसाठी ‘एक्सएमसीडी’ नावाचा सीडी वाजवणारा प्रोग्रॅम लिहिला. तोही टाइप केलेली नावं साठवायचा, प्रत्येक सीडीसाठी एक छोटी फाइल करून. वापरणारे आपापल्या फाइली त्याला ई-मेलनं पाठवू लागले आणि तो त्या एकत्र करून सगळ्यांना वाटू लागला. ढीग वाढत गेला तेव्हा स्टीव्ह शर्फ या सहकाऱ्यानं हा साठा इंटरनेटवर विचारता येईल असा सर्व्हर रचला. ते झालं सीडीडीबी, सीडींचा डेटाबेस. एकानं एकदा टाइप करायचं, उरलेल्या जगानं आयतं घ्यायचं.

आता खरी गंमत, ओळख पटवण्याची युक्ती. ती इतकी साधी आहे की कागद-पेन्सिलीनं करता येते. कल्पना करा, एका सीडीवर तीन ट्रॅक आहेत: एक ख्याल, एक तराणा, शेवटी ठुमरी. प्रत्येक सीडीच्या आरंभी दोन सेकंद राखलेले असतात, म्हणून ख्याल सुरू होतो २ सेकंदांवर. तराणा ४१ मिनिटं १५ सेकंदांवर, म्हणजे २४७५ सेकंदांवर. ठुमरी ५८ मिनिटं ३४ सेकंदांवर, म्हणजे ३५१४ सेकंदांवर. आता या संख्यांमधले अंक सुटे करून मिळवा. पहिल्याचे २. दुसऱ्याचे २+४+७+५, म्हणजे १८. तिसऱ्याचे ३+५+१+४, म्हणजे १३. एकूण ३३. (ही बेरीज फार मोठी झाली तर तिला २५५ नं भागून बाकी घ्यायची.) सीडीची एकूण लांबी समजा बरोबर ७० मिनिटं, म्हणजे ४२०० सेकंद. ट्रॅक ३.

हे तीन आकडे संगणकाच्या सोळा पायाच्या अंकपद्धतीत लिहा. ३३ म्हणजे दोन सोळा आणि एक, म्हणून २१. ४२०० चे होतात १०६८. ट्रॅक ०३. तिन्ही एकापुढे एक ठेवले की मिळतं २११०६८०३. झाली सीडीची ओळख! आठ अंकी क्रमांक, त्यात सुराचा अंशही नाही. संगणकानं ख्याल ऐकलेला नाही. गाणारा कोण, राग कोणता, ताल कोणता, यातलं त्याला काहीच माहीत नाही. त्यानं फक्त घड्याळ पाहिलं.

मुंबईकराला यात नवल वाटू नये. लोकलला कुठे नाव असतं? ‘८:१२ ची’ म्हटलं की फलाटावरच्या माणसाला गाडी कळते, ती फास्ट की स्लो हेही कळतं, आणि डब्यात कोण कोण भेटणार हेसुद्धा. नुसती वेळ पुरते, कारण त्या वेळेला त्या फलाटावर दुसरी गाडी नसते.

सीडीच्या बाबतीत ही खात्री किती? समजा दहा गाण्यांचा अल्बम आहे आणि प्रत्येक गाणं तीन ते सहा मिनिटांच्या दरम्यान आहे. तीन मिनिटांच्या त्या फरकात १३,५०० फ्रेम मावतात, म्हणजे प्रत्येक गाण्याच्या लांबीच्या १३,५०० शक्यता. दहा गाण्यांच्या मिळून होतात २ वर ४१ शून्यं. गाणं किती लांबवायचं हे ठरवताना कुणाच्याही मनात ओळखक्रमांक नसतो. समेवर येण्याची घाई, तबल्याची एखादी तिहाई, शेवटच्या सुराचा रेंगाळणारा नाद, संकलकानं कात्री कुठे लावली. या सगळ्यांतून सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागापर्यंत नेमका असा एक आकडा आपसूक घडतो, आणि दहा गाण्यांचे दहा आकडे मिळून जगात एकमेव ठरतात.

आठ अंकी क्रमांकात मात्र ही सगळी बारकाई मावत नाही, त्यात फ्रेम गळून पडतात. वेगळ्या सीडींचा क्रमांक एकच येऊ शकतो. म्हणून प्रोग्रॅम क्रमांकासोबत प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीची फ्रेमही पाठवायचा आणि सर्व्हर तंतोतंत जुळणी नसेल तर जवळची नोंद सुचवायचा. एकच अल्बम दुसऱ्या कारखान्यात छापला की फ्रेम थोड्या सरकतात, तेव्हा ही सोय कामी येई.

आणि इथेच आपलं संगीत या युक्तीला कोंडीत पकडतं. एका सीडीवर एकच राग, तासभर, एकाच ट्रॅकमध्ये, अशा कितीतरी सीडी आपल्या कपाटात असतात. अशा सीडीत अंकांची बेरीज नेहमी २ येणार, ट्रॅकची संख्या नेहमी १. ओळख पटवायला उरते फक्त एकूण लांबी. ४० ते ७४ मिनिटांच्या दरम्यान सेकंद आहेत अवघे २०४०. त्यामुळे एखाद्याचा तासाभराचा दरबारी आणि कुठल्या तरी परदेशी वादकाची तेवढ्याच सेकंदांची सलग रचना यांचा क्रमांक एकच! मग पडद्यावर प्रश्न येई: यांपैकी तुमची सीडी कुठली? तिथे निवाडा माणसानंच करायचा.

नोंदी ठेवायला सीडीडीबीत अकरा कप्पे होते: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जॅझ, न्यू एज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक आणि इतर. नाट्यसंगीत कुठे घालणार? भावगीत कुठे? कुणी अभंग ‘फोक’मध्ये टाकी, कुणी ‘इतर’मध्ये. शीर्षकाची रीतही ठरलेली: आधी कलाकार, मग तिरपी रेघ, मग अल्बम. आकाशवाणीचे निवेदक गाणं लावताना गीतकार, संगीतकार आणि गायक अशा तिघांची नावं घेतात. इथे जागा एकाच नावाला. ‘गीतरामायणा’तल्या ५६ गीतांची नोंद करायची तर गायक-संगीतकार सुधीर फडके कलाकाराच्या जागी बसतात आणि गीतकार गदिमांना टिपणाच्या रकान्यात जावं लागतं. त्यात रोमन लिपी. आशा भोसले यांचं आडनाव जुन्या वेष्टनांवर ‘एन’ घालून छापलेलं दिसतं, नव्यांवर ‘एन’विना, संगणकाच्या लेखी त्या दोन गायिका. सगळ्या लिप्या सामावणारी युनिकोडची सोय या व्यवस्थेत बऱ्याच उशिरा आली.

तरीही लोकांनी नोंदी केल्या. पगार नाही, नाव नाही. एक सीडी संगणकाच्या पोटात घालायची, नाव सापडलं नाही की वेष्टन समोर धरून बारा-पंधरा ओळी टाइप करायच्या आणि ‘पाठवा’चं बटण दाबायचं. इतकं साधं काम असंख्य हातांनी केल्यामुळे संगीताची एक जागतिक यादी उभी राहिली.

यादी झाली की मालकी आलीच. १९९८ मध्ये सीडीडीबी एका कंपनीनं विकत घेतली आणि २००० मध्ये तिचं नाव ‘ग्रेसनोट’ झालं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांवर परवान्याच्या अटी आल्या. आपण फुकट टाइप केलेलं आता दुसरा विकणार, याचा लोकांना राग येणं साहजिक होतं. सर्व्हरचा जुना प्रोग्रॅम मुक्त परवान्याखाली होता, त्याच्या आधारानं ‘फ्रीडीबी’ हा मोकळा साठा सुरू झाला. तिथल्या प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत ‘एक्सएमसीडी’ हे नाव असावंच लागे, प्रोग्रॅम कुठलाही वापरलात तरी. टी कानच्या १९९३ च्या फाइलींचा साचा तसाच पुढे चालत राहिला. २००८ मध्ये ग्रेसनोट सुमारे २६ कोटी डॉलरना विकली गेली आणि घेणारी कंपनी होती सोनी. जिच्या अभियंत्यांनी १९८० मध्ये सीडीवर नावांना जागा ठेवली नाही, तिनंच अठ्ठावीस वर्षांनी नावांसाठी एवढी रक्कम मोजली!

फ्रीडीबी २०२० मध्ये बंद झाली. तिच्यातला साठा ‘जीएनयूडीबी’वर चालू आहे. पण नवं काम करायचं तर ते ‘म्युझिकब्रेन्झ’वर करावं. रॉबर्ट के यांनी सुरू केलेला हा प्रकल्प २००४ पासून ना-नफा संस्थेच्या हाती आहे आणि त्याची मूळ माहिती कुणालाही विनाअट वापरता येते. तिथे सीडीचा क्रमांक सेकंदांवरून काढत नाहीत, सगळ्या फ्रेम एका गणिती सूत्रातून काढून २८ चिन्हांची ओळख तयार करतात. त्यामुळे योगायोगानं क्रमांक जुळण्याची भीती जवळपास संपते. आणि गीतकार, संगीतकार, गायक, तबल्याच्या साथीला कोण, या सगळ्यांना तिथे स्वतंत्र जागा आहे, तीही देवनागरीत.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत सीडींचं खोकं निघालं तर भंगारात टाकू नका. यूएसबीनं जोडायचा सीडी ड्राइव्ह अजून बाजारात मिळतो. संगणकावर ‘म्युझिकब्रेन्झ पिकार्ड’ उतरवून घ्या, तो फुकट आहे. सीडी घाला, ‘लुकअप सीडी’ हे बटण दाबा. नावं आली तर शुद्धलेखन तपासा. नाही आली तर वेष्टन समोर ठेवून आधी राग, ताल, गायक, साथीदार, गीतकार, कंपनी आणि साल नीट टाइप करा, मगच गाणी उतरवून घ्या. स्थानिक कंपन्यांनी काढलेल्या, एखाद्या गावातल्या मैफलीच्या, कीर्तनाच्या, पोवाड्याच्या कितीतरी सीडींची नोंद अजून कुणीही केलेली नाही. ज्यांच्याकडे वेष्टनासकट ती सीडी आहे, त्यांनाच ते करता येईल. वेष्टन शाबूत आहे तोवर करून टाका.